क्विल्टच्या शिवणीवर इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची असते

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते बाकीच्यांनाही कळेल. क्विल्टसाठी, म्हणजे तुकडे जोडून करायच्या गोधडीसाठी, अडीच इंची चौकोन कापून तुम्ही नऊ चौकड्यांचे बारा ब्लॉक, म्हणजे जोडलेले मोठे चौकोन, शिवलेत. प्रत्येक ब्लॉक साडेसहा इंच यायला हवा होता, पण बहुतेक सव्वासहाच्या आसपास आलेत आणि कडा पापडासारख्या लहरी झाल्यात. गडद कापडावर शिवणीच्या रेषेत चमक आली आहे. मागची माया, म्हणजे शिवणीबाहेर उरलेली कापडाची कड, एका बाजूला पाडावी की उघडून दोन्हीकडे पसरावी, यावर दोघींनी दोन सल्ले दिले आणि गोंधळ वाढला. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की दोन-तीन तास काम झालं की इस्त्रीचा प्लग हाताला गरम लागतो.

मी सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासून करणार आहे. ब्लॉक पाव इंच कमी आला तर उसवून पुन्हा शिवता येतो, प्लग पेटला तर तसं नाही.

इस्त्री गरम होणं हे तिचं काम आहे, प्लग गरम होणं हा बिघाड आहे. सॉकेटची पकड सैल झाली असेल, पिना काळ्या पडल्या असतील किंवा त्या पॉइंटवर झेपेल त्याहून जास्त भार येत असेल. तो पॉइंट आजपासून वापरू नका, इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट बदलून घ्या. हिशेब सोपा आहे. आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. १००० वॉटची साधी इस्त्री साधारण सव्वाचार अँपिअर ओढते, २००० वॉटची वाफेची इस्त्री पावणेनऊच्या जवळ जाते. दिवा-पंख्याचा लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो आणि गीझरसारख्या उपकरणांचा मोठा १६ चा. म्हणजे मोठी वाफेची इस्त्री पिना बदलणारा जोड लावून लहान पॉइंटवर चालवायचीच नाही. शिलाई मशीन, टेबलावरचा दिवा, उभा पंखा आणि इस्त्री हे सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. मशीन आणि दिवा बोर्डावर चालतील. इस्त्रीला भिंतीतला स्वतंत्र पॉइंट हवा, तीन पिनांचा आणि अर्थिंग तपासलेला. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवलेला असेल तर उत्तमच.

घरातले कपडे इस्त्री करणं आणि क्विल्टच्या शिवणी दाबणं यात मोठा फरक आहे. कपड्यांची इस्त्री एका बैठकीत होते, आपण पूर्ण वेळ तिच्यापाशी उभे असतो. क्विल्टमध्ये पाच मिनिटं मशीनवर आणि अर्धं मिनिट इस्त्रीपाशी असं दिवसभर चालतं. इस्त्री तासन् तास तापलेली आणि आपली पाठ तिच्याकडे. मी शिकत होते त्या काळात आमच्याकडे भरपूर लोडशेडिंग होतं. एकदा वीज गेली, इस्त्री शिवणीवर तशीच आडवी राहिली आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. वीज आली तेव्हा मी तिथेच होते. वास आला म्हणून धावले, तोवर ब्लॉक, खालची चादर आणि घोंगडीचा वरचा पदर जळला होता. टेबलाला लागली नाही एवढंच. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे: वीज गेली की पहिला हात प्लगवर. शिवाय इस्त्रीच्या पॉइंटलाच एक लहान लाल दिवा जोडून घेतलाय. तो खोलीच्या दारातून दिसतो. दिवा लागलेला असेल तर खोली सोडायची नाही. नवी इस्त्री घेणार असाल तर काही मिनिटं न हलवल्यास आपोआप बंद होणारी घ्या. क्विल्टवालीला तिचा थोडा त्रास होतो, कारण ती मधेच थंड पडते, पण तो त्रास सोसावा.

उरलेल्या काळज्या पटकन सांगते. वायर इस्त्रीत शिरते त्या मानेपाशी दर महिन्याला बोट फिरवून बघा, कापडी वेष्टण विरलं असेल तर चिकटपट्टी गुंडाळू नका, वायर बदला. वाफेच्या इस्त्रीत पाणी भरताना प्लग काढलेला असावा. वायर टेबलाच्या पुढच्या कडेवरून लोंबू देऊ नका. रांगतं मूल ती धरूनच उठायला बघतं. लांब ओढणी, सैल बाह्या आणि धातूच्या बांगड्या कामापुरत्या बाजूला ठेवा. चटका बसला तर ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, चांगली वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद यातलं काहीही लावू नका. फोड मोठा आला किंवा कातडी पांढरी पडली तर डॉक्टरांकडे जा.

आणखी एक, कारण ही चूक प्रेमापोटी होते. अमेरिकेतली बहीण किंवा भाची क्विल्टसाठीची छोटी गोंडस इस्त्री भेट म्हणून आणते. तिच्या तळाशी १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या सॉकेटला ती लावू नका. तीच तापणारी तार दुप्पट व्होल्टवर जवळजवळ पावणेचार पट शक्ती ओढू लागते आणि क्षणात जळते. पिन बसली म्हणजे वीज जुळली असं नसतं. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तरच चालेल.

आता तुमच्या ब्लॉककडे येऊ.

पाव इंच कुठे गेला ते आधी शोधायला हवं. तुमच्या ब्लॉकमध्ये एका दिशेने दोनच शिवणी आहेत. पाव इंच कमी म्हणजे प्रत्येक शिवणीने एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास खाल्ले. एवढी चूक फक्त मशीनची असेल तर मागची माया मोजल्यावर लगेच दिसेल. ब्लॉक उलटा करा आणि पट्टीने माया मोजा. ती पाव इंचापेक्षा स्पष्ट जास्त असेल तर शिवण जाड घेतली जातेय. ती नेमकी पाव इंच असेल आणि तरी ब्लॉक कमी भरत असेल, तर कापड इस्त्रीखाली दबलंय. सुलट बाजूने शिवणीच्या रेषेवर नख सरकवून बघा. नख एखाद्या बारीक चुणीत अडकलं तर चोर सापडला. शिवण पूर्ण न उघडताच तिच्यावर इस्त्री पडली आणि एक-दीड मिलिमीटर कापड घडीत कायमचं बसलं.

खात्रीसाठी ही चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, नीट दाबा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण एक धागा कडेकडे सरकवा, म्हणजे माया तेवढी कमी होईल. क्विल्ट करणाऱ्या जुन्या हातांच्या बायका पाव इंच म्हणतात तेव्हा पाव इंचाला एक दोरा कमीच शिवतात, कारण घडी वळताना कापडाची जाडी आणि दोऱ्याची जाडी थोडं माप खाते. माझ्या अनुभवात नव्या शिकणाऱ्यांच्या दहा चुकलेल्या ब्लॉकपैकी निम्म्याहून जास्त मशीनवर ठीकच असतात, बिघडतात ते इस्त्रीपाशी.

शिवण दाबायची माझी पद्धत अशी. मशीनवरून तुकडे उतरले की ते उघडायचे नाहीत. सुलट बाजू एकमेकींना लागून जसे शिवले तसेच, बंदच, पाटावर, म्हणजे इस्त्रीच्या टेबलावर, ठेवायचे आणि टाक्यांच्या रेषेवर इस्त्री दोन-तीन सेकंद ठेवून उचलायची. हा टप्पा बहुतेक जणी गाळतात. मशीनचा ताण दोऱ्यात आणि कापडात अडकलेला असतो, त्यामुळे शिवण किंचित गोळा झालेली असते. बंद असतानाच ऊब दिली की दोरा कापडात बसतो आणि गोळा झालेलं सपाट होतं. पुढे शिवण उघडायला सोपी जाते. एक जोड दाबून आणि एक न दाबता उघडून बघा, फरक डोळ्यांना दिसेल.

मग ज्या कापडाकडे माया पाडायची ते कापड वर ठेवायचं. वरचा तुकडा हाताने मागे उलगडायचा आणि नखाने किंवा लाकडी पट्टीच्या गोल कडेने शिवणीच्या रेषेवरून हलकेच सरकवायचं. बोटाने शिवण पूर्ण उघडली आहे हे दिसल्यावरच इस्त्री आणायची. टोकाने नाही, कडेने. इस्त्रीची कड शिवणीच्या रेषेवर टेकवायची, खाली दाबायची, तीन-चार सेकंद थांबायचं, उचलायची आणि शेजारी पुन्हा ठेवायची. फिरवायची नाही. आपला हात वर्षानुवर्षं सदऱ्यावर आणि साडीवर इस्त्री सरकवायला शिकलेला आहे, त्यामुळे हे जमायला वेळ लागतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी मी थंड इस्त्री हातात देते आणि नुसतं ठेव-उचल करायला लावते.

फिरवल्याने काय होतं? कापड उभ्या धाग्यावर जवळजवळ ताणत नाही, आडव्यावर थोडं ताणतं आणि उरेबवर, म्हणजे तिरप्या दिशेने, भरपूर. तापलेलं, थोडं ओलसर कापड आणखी मऊ होतं. त्यावर इस्त्रीचं वजन सरकवलं की ती कापडाला पुढे ढकलत नेते. मधे शिवणी असतात, त्या ताणत नाहीत. कडा मोकळ्या असतात, त्या ताणतात. म्हणून ब्लॉकचा मध्य आकसलेला आणि कडा लहरी. तुमचा पापड असाच झाला. चौकोनाचे दोन त्रिकोण करून जोडलेल्या ब्लॉकमध्ये तर शिवणच उरेबवर असते. तिथे एकदा जरी इस्त्री शिवणीच्या दिशेने ओढली तरी चौकोनाची पतंगी होते. त्रिकोणांसाठी नेहमी अर्धा इंच मोठे तुकडे घ्या, दाबून झाल्यावर पट्टीने मापात कापा आणि कोपऱ्यांतून डोकावणारे कान उडवा.

दाबल्यावर लगेच तुकडा उचलू नका. गरम कापड ज्या आकारात थंड होतं तोच आकार धरतं. मी सागाच्या लाकडाचा ठोकळा वापरते, विटेएवढा, चांगला घासलेला, पॉलिश किंवा रंग न लावलेला. इस्त्री उचलली की शिवणीवर ठोकळा ठेवायचा आणि दहा-पंधरा सेकंद तसाच राहू द्यायचा. कोरडं लाकूड वाफ शोषून घेतं, वजनाने माया चपटी बसते, आणि इस्त्रीने जास्त वेळ दाबायची गरज पडत नाही. तुमच्या गडद कापडावरची चमकही याने टळेल, कारण ती जास्त वेळ, जास्त उष्णता आणि घासणं या तिन्हींतून येते. गडद तुकड्यांवर सुलट बाजूने काम असेल तर वर पातळ सुती पंचा टाका. ठोकळा महागडा विकत घ्यायची गरज नाही. सुताराकडच्या तुकड्यांतून काढून घ्या, फक्त डिंकाचा वास येणारं, राळ सुटणारं लाकूड नको.

सगळ्यात महत्त्वाचा शिस्तीचा भाग: कोणतीही शिवण न दाबता तिच्यावरून दुसरी शिवण घालायची नाही. एकदा आडवी शिवण पडली की खालची चुणी कायमची अडकते. शंभर जोड्या साखळीने सलग शिवा, त्याला हरकत नाही, पण ती साखळी कापून, दाबून मगच पुढच्या ओळीला हात घाला.

आता माया कुठे पाडायची. तुमच्या दोन्ही सल्लागार आपापल्या जागी बरोबर आहेत, पण प्रश्न जाडीचा आहे, म्हणून थर मोजून सांगते. चार चौकोन जिथे एका बिंदूत मिळतात तो कोपरा घ्या. वरच्या आणि खालच्या दोन्ही ओळींतली माया डावीकडेच पाडली आणि मग आडवी शिवण खाली पाडली, तर एका कोपऱ्यात कापडाचे नऊ थर येतात. मशीनचा पाय तिथे चढतो, सुई वळते, टाके सुटतात. वरची ओळ उजवीकडे आणि खालची डावीकडे पाडली तर जास्तीत जास्त सात थर येतात. शिवाय दोन घड्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, अंधारात बोटांनी चाचपलं तरी जोड कळतो. आणि सगळ्या शिवणी उघड्या दाबल्या तर प्रत्येक कोपऱ्यात चारच थर.

मग सगळंच उघडं का दाबू नये? कारण घड्या एकमेकींत अडकण्याची सोय जाते आणि जोड जुळवायला प्रत्येक ठिकाणी टाचणी लावावी लागते. उघड्या शिवणीत टाक्यांवर थेट ताण येतो, मधून आतल्या भरणीचा तंतू बाहेर डोकावू शकतो, आणि पुढे शिवणीच्या खाचेतूनच क्विल्टिंग, म्हणजे सगळे थर एकत्र शिवायचं काम, करायचं असेल तर सुई नुसत्या दोऱ्यावर पडते. म्हणून माझा निर्णय असा आहे: साध्या चौकड्या, पट्ट्या, हाताने धावदोरा घालायची गोधडी यांत माया एका बाजूला. आठ टोकांची चांदणी, भिंगरीसारखे त्रिकोण, जिथे सहा-आठ शिवणी एका बिंदूत येतात, तिथे उघडी. उघडी दाबायची असेल तर टाक्याची लांबी दोन मिलिमीटरवर आणा आणि दोऱ्याचा ताण तपासा. सैल असेल तर शिवण उघडताच दोऱ्याची शिडी दिसते.

तुमच्या नऊ चौकड्यांत तर एक सुंदर सोय आहे. गडद पाच आणि फिके चार असतील, म्हणजे चारही कोपरे आणि मध्य गडद, तर ओळीतल्या प्रत्येक शिवणीची माया गडद कापडाकडे पाडा, बस. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत गडद तुकडे बाहेर आहेत, तिथे माया आपोआप बाहेर जाते. मधल्या ओळीत गडद आत आहे, तिथे आत जाते. ओळी एकमेकींवर ठेवल्या की सगळे जोड उलटसुलट बसतात आणि फिक्या कापडाखालून गडद मायेची सावलीही दिसत नाही. मधे साधा चौकोन, मग ब्लॉक, पुन्हा साधा चौकोन अशी मांडणी असेल तर ब्लॉक जोडताना माया नेहमी साध्या चौकोनाकडे पाडा.

चार चौकोनांच्या ब्लॉकमध्ये आणखी एक युक्ती आहे. आडवी शिवण घालून झाली की मागच्या बाजूने मधल्या बिंदूपाशी मायेतले दोन-तीन उभे टाके सोडवा आणि चारही माया एका दिशेने, घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरवून पाडा. मध्यावर चिमुकली चार चौकड्यांची चक्री दिसते आणि थरांचा ढीग चारही बाजूंना वाटला जातो. टाके फक्त मायेतले सोडवायचे, मुख्य शिवणीचे नाहीत. हाताने तुकडे जोडणाऱ्यांना हेसुद्धा करावं लागत नाही, कारण त्यांची शिवण कोपऱ्याच्या खुणेपाशी थांबते, मायेत जातच नाही.

पट्ट्यांबद्दल एक वाक्य: सहा-सात लांब पट्ट्या जोडताना एक शिवण वरून खाली आणि पुढची खालून वर घाला, आणि दाबताना पाटावर खडूने आखलेल्या सरळ रेषेला लावून ठेवा, नाहीतर अख्खा पट्टा धनुष्यासारखा वाकतो.

आता पाटाबद्दल. तुम्ही गादीवर चादर घालून काम करता असं लिहिलंय, ते थांबवा. मऊ पृष्ठभागावर शिवण खाली रुतते, कडा वर राहतात, आणि फोमच्या गादीला आगीची भीती वेगळीच. टेबल हवं, उंची अशी की कोपर किंचित वाकलेलं राहील. परदेशात क्विल्ट करणाऱ्या बायका त्यावर लोकरीची जाड चटई घालतात, कारण लोकर उष्णता धरून ठेवते आणि शिवणीला खालूनही ऊब मिळते. ती चटई इथे मागवायला खूप महाग पडते. मला तिची गरजच वाटली नाही, कारण आपल्याकडे घोंगडी आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सनगर विणकरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेली, खरखरीत. ती दुहेरी घडी घालून लाकडी टेबलावर पसरते आणि वर धुतलेला मांजरपाट ताणून बसवते. मांजरपाट हवाच, नाहीतर लोकरीचे राठ केस फिक्या कापडात शिरतात. या पाटावर शिवण इतकी छान बसते की मी दुसरं काही वापरत नाही. वाफ वापरलीत तर काम संपल्यावर घोंगडी उचलून टेबल पुसा आणि घोंगडी वाळवा. ओल खाली उतरते आणि सनमायका फुगतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका: गोल कटरने कापायची हिरवी मॅट हा इस्त्रीचा पाट नाही. एकदा जरी तापली तरी ती वाकते आणि पुन्हा कधी सपाट होत नाही. मी एक मॅट अशी घालवली आहे. उन्हात किंवा गाडीत ठेवूनही तेच होतं.

वाफ वापरावी का? तुकडे जोडत असताना नाही. ब्लॉक पूर्ण शिवून, मापात आल्यावर एकदा, वरून उचललेल्या इस्त्रीने, चालेल. त्याआधी वाफ म्हणजे उरेबला ताणायचं निमंत्रण. वाफेऐवजी खळ वापरा. तुकडे कापण्याआधी कापड धुऊन, आटवून, पातळ खळीतून काढून, सावलीत पूर्ण वाळवून इस्त्री करा. साबुदाण्याची खळ किंवा भाताची गाळलेली पेज, दोन्ही चालतात. दुकानातली तयार खळही चालते. कापड पापुद्र्यासारखं कडक झालं की कापताना सरकत नाही, शिवताना ताणत नाही, आणि शिवण नखाने दाबली तरी बसते. ओल्या खळीवर इस्त्री ठेवू नका, ती तळाला चिकटून पिवळी पडते आणि पुढच्या पांढऱ्या तुकड्यावर डाग देते. तळ खराब झालाच तर इस्त्री पूर्ण थंड करून खायच्या सोड्याच्या ओल्या लेपाने पुसा. आणि क्विल्ट पूर्ण झाला की एकदा धुवाच. खळ असलेलं कापड कपाटात ठेवलं की कसर लागते, झुरळंही येतात.

कापडाची ओळख पटवल्याशिवाय उष्णता ठरवू नका. इस्त्रीवर एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती तीन ठिपक्यांवर, रेशीम दोनवर, कृत्रिम धागा एकवर. नव्या सुती कापडात प्रश्न येत नाही, पण आपल्याकडे क्विल्टमध्ये जुन्या साड्या येतात, आणि आजीची सुती म्हणून दिलेली साडी निम्मी पॉलिस्टर निघते. कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरा आणि वाटीवर जाळून बघा. कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती. वितळून कडक काळा मणी झाला तर कृत्रिम. तो तुकडा सुतीच्या शेजारी असेल तर दोघांसाठी कमी उष्णताच घ्यायची आणि ठोकळ्यावर भर द्यायचा. खणाच्या तुकड्यांना आधी मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावा, कारण कडा फार सुटतात. मग दोन ठिपक्यांवर, वर पंचा टाकून, कोरडीच इस्त्री. रेशमावर पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतो. जरीच्या काठावर थेट इस्त्री कधीच नाही.

इंडिगो, दाबू किंवा बगरू छपाईची, गडद लाल अशी कापडं पांढऱ्याशेजारी येणार असतील तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्रीने दाबून बघा. फडक्यावर रंग उतरला तर आणखी धुवा. क्विल्ट पूर्ण झाल्यावर रंग सुटला तर त्याला फारसा उपाय नसतो.

खुणा करायच्या पेनांबद्दल सावध करते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईच्या खुणेवर इस्त्री पडली की ती पक्की बसते, आधी ओल्या बोळ्याने पुसा. उष्णतेने जाणारी शाई इस्त्रीखाली नाहीशी होते खरी, पण कडाक्याच्या थंडीत परत दिसू लागते. क्विल्ट कॅनडातल्या लेकीला पाठवायचा असेल तर सुलट बाजूला ती शाई नकोच. मोत्याच्या डोक्याच्या टाचण्या आपल्याकडे बहुधा प्लॅस्टिकच्याच असतात, इस्त्रीखाली वितळून कापडाला चिकटतात.

माझ्या आजीने गोधडीला कधी इस्त्री केली नाही. आजोबांच्या सदऱ्यावर ती तांब्यात निखारे घालून फिरवायची, पण गोधडीचे तुकडे मांडीवर घेऊन, कड नखाने मुडपून, तसाच धावदोरा घालायची. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी आजही अशीच बोटांनी कड मुडपून, बाहेरून आत शिवत जाते. तिथे तुकडा तुकड्यावर बसतो, मापाला माप जुळवायचं नसतं, म्हणून इस्त्रीवाचून भागतं. तुम्ही निवडलेला प्रकार मापावर उभा आहे. तुम्हाला नख आणि इस्त्री दोन्ही लागतील.

आता तुमच्या बारा ब्लॉकचं काय करायचं. उसवायला बसू नका, आधी बाराही मोजून कागदावर लिहा. उलट्या बाजूने शिवणी पुन्हा बंद दाबता येणार नाहीत, पण सुलट बाजूने प्रत्येक चुणी नखाने उघडा, पातळ खळीचा हलका फवारा मारून पाच मिनिटं मुरू द्या, पाटावर साडेसहा इंची चौकोन खडूने आखून कोपऱ्यांत साध्या पोलादी टाचण्या लावा आणि इस्त्री ठेव-उचल करत मधून कडेकडे वाळवा. ठोकळा ठेवून थंड होऊ द्या. जिथे चुणीच चोर होती ते ब्लॉक एक अष्टमांश इंच तरी परत मिळवतील. लहरी कडाही खळीने बऱ्याच बसतील. मग पुन्हा मोजा. बाराही सव्वासहापेक्षा मोठे निघाले तर सगळे सव्वासहाला कापा आणि साधे चौकोनही सव्वासहाचेच घ्या. मात्र चारही बाजूंनी सारखं कापा, म्हणजे मधला चौकोन मध्यातच राहील. बाहेरच्या चौकड्या किंचित लहान होतील, पण सगळ्या ब्लॉकमध्ये सारख्याच. एखाद-दुसरा त्याहूनही लहान असेल तर तेवढाच उसवा आणि उसवलेले तुकडे पुन्हा शिवण्याआधी सपाट दाबून घ्या.

सॉकेट बदलून होईपर्यंत मात्र इस्त्री लावू नका. तोवर मोजायचं आणि नखाने चुण्या उघडायचं काम आहेच.